दुपारी ठणठणीत, पहाटे गुदमरलेला: एका मामा तलावाच्या तपासणी गटाचं प्रकरण

हे प्रकरण गोंदिया-भंडारा पट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावचं आहे. गावाचं, तलावाचं, माणसांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही, ओळख पटेल असे एकदोन तपशील बदललेत, कारण ह्यात एक पोलीस तक्रार होता होता राहिली आणि ती सगळी माणसं अजून एकाच मोहल्ल्यात राहतात. मी ह्या गटाला त्यांच्या पहिल्या पाणी तपासणीच्या ट्रेनिंगपासून ओळखतो. गटाचं रजिस्टर आणि ग्रुपवरचे मेसेज बघून, दोन्ही बाजूंच्या लोकांशी बोलून हे लिहिलंय. तलावाची तपासणी करणारे गट आता बऱ्याच गावांत उभे राहतायत, त्यांना ह्याचा थेट उपयोग होईल असं मला मनापासून वाटतं.

पार्श्वभूमी

पूर्व विदर्भातल्या लोकांना मामा तलाव म्हणजे काय ते सांगायला नको, बाकीच्यांसाठी थोडक्यात. मामा म्हणजे माजी मालगुजारी. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या लोकांनी धानाच्या ओलितासाठी बांधलेले मातीच्या पाळीचे हे तलाव, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर मिळून साडेसहा हजारांच्या वर आहेत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, आणि दुरुस्तीची जी गावातली पद्धत होती ती हळूहळू मोडली. मासेमारी मात्र चालू राहिली, ढिवर समाजाच्या सहकारी संस्था तलाव लीजवर घेतात, माशांचं बीज सोडतात, वाढलेले मासे काढतात.

हा तलाव गावाच्या कडेला होता, आता गावाच्या मधे आलाय. पूर्वी वरच्या अंगाला धानाची बांधी होती, तिथे लेआऊट पडले, घरं झाली, आणि त्या घरांचं मोरीचं सांडपाणी दोन नाल्यांनी तलावात यायला लागलं. एका बाजूला धुण्याचा घाट, तिथेच म्हशी धुणं, तिथेच गणपती आणि देवी विसर्जन. पाळीच्या बाजूला तुडुमाजवळ, म्हणजे तलावाचं पाणी सोडायच्या दाराजवळ, पाणी खोल, बाकी तलाव उथळ. मच्छीमार सोसायटी रोहू, कटला, मृगल टाकते, शिवाय मरळ आणि शिंगी आपोआप असतातच.

गट उभा राहिला तो विसर्जनानंतरच्या सफाईतून. ज्युनिअर कॉलेजचे बायोलॉजीचे सर, बीएस्सी करणाऱ्या दोघी मुली, मेडिकल स्टोअरवाले एक भाऊ, बचत गटाच्या एक ताई, रिटायर्ड पोस्टमन काकाजी असे सात-आठ जण. दोन वर्षं निर्माल्य, थर्माकोल काढून झाल्यावर सरांच्या मनात आलं की आपण कचरा काढतो पण पाणी कसंय ते आपल्याला माहीतच नाही. मग वर्गणी काढून किट घेतलं: पाणी आम्ल की अल्कली ते सांगणाऱ्या पीएचच्या पट्ट्या, थर्मामीटर, नायट्रेट-फॉस्फेटचं रंग जुळवायचं किट, आणि ऑक्सिजन मोजायला विंकलर पद्धतीच्या बाटल्या. पारदर्शकता मोजायची सेकी तबकडी त्यांनी घरीच बनवली, स्टीलच्या डब्याच्या झाकणाला काळा-पांढरा ऑइलपेंट मारून, नायलॉन दोरीला दर दहा सेंटिमीटरला गाठ.

दर रविवारी संध्याकाळी चार-साडेचारला घाटावर जमायचं, मोजायचं, रजिस्टरात लिहायचं आणि ग्रुपवर टाकायचं. वेळ ठरली ती सगळ्यांच्या सोयीने. सकाळी दुकान, घरकाम, शेत, दुपारी ऊन, म्हणून संध्याकाळ. त्या वेळी कोणालाच हा निर्णय वाटला नाही पण पुढचं सगळं ह्याच निर्णयाभोवती फिरतं.

अजून एक गोष्ट त्याच उन्हाळ्यात झाली. श्रमदानात घाटाच्या बाजूचं पाण्यातलं सगळं गवत, हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, कमळाची पानं, जे दिसेल ते उपटून बाहेर काढलं. तलाव आरशासारखा स्वच्छ दिसायला लागला, फोटो छान आले. घाटावर मासे विकणाऱ्या एका मावशीने तेव्हाच म्हटलं होतं, "सारं गवत काढू नका बाप्पा, मासोळी अंडे कोठी घालन?" ते कोणी लिहून घेतलं नाही. त्याच सुमारास सोसायटीने गवत्या मासाही सोडला होता, तो तर पाणवनस्पतीच खातो, म्हणजे जे उरलं होतं तेही गेलं.

समस्या

पावसाळाभर रीडिंग फार छान येत होती. ऑक्सिजन ९, १०, एकदा तर ११ मिलिग्रॅम प्रति लिटर. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गीकरणात माशांसाठीच्या पाण्याला किमान ४ लागतो, इथे दुपटीच्या वर, त्यामुळे ग्रुपवर दर रविवारी "तलाव ठणठणीत" असा मेसेज जायचा आणि अंगठे यायचे. पाणी हिरवं होत चाललंय, तबकडी वीतभर खोलीवरच दिसेनाशी होतेय, पीएच ९ च्या आसपास जातोय हेही त्याच रजिस्टरात त्याच पानावर लिहिलेलं आहे, पण हेडलाईन ऑक्सिजनची होती.

गणपती विसर्जन झालं, पितृपक्ष लागला, आणि सलग तीन दिवस आभाळ. वारा नाही, ऊन नाही, नुसतं कोंदट. चौथ्या दिवशी सकाळी लोक घाटावर गेले तर पाण्यावर मेलेले कटला. मोठे मोठे, दोन-दोन किलोचे, तोंड उघडं, कल्ले फाकलेले. दुपारपर्यंत रोहूही वर आले. सोसायटीचं वर्षभराचं उत्पन्न पाण्यावर तरंगत होतं आणि काठावर बायका रडत होत्या.

सोसायटीत दोन पार्ट्या, निवडणूक तोंडावर. तासाभरात बातमी फिरली की समोरच्या पार्टीने औषध टाकलं. दुसरी बातमी अशी की विसर्जनाच्या मूर्तींच्या रंगामुळे झालं, त्यावरून वेगळेच लोक चिडले. सोसायटीच्या अध्यक्षांनी पोलीस स्टेशनला तक्रार द्यायची तयारी केली आणि सोबत पुरावा म्हणून काय जोडणार होते, तर गटाचं रजिस्टर. तुमच्याच रीडिंगमध्ये पाणी ए-वन आहे ना, मग मासे मेले कसे, म्हणजे विषच. हा प्रश्न सरळ होता आणि त्या दिवशी गटाकडे त्याचं उत्तर नव्हतं.

त्या रात्री कोणते पर्याय होते

रात्री पोस्टमन काकाजींच्या ओसरीवर बैठक झाली. तिथे जे बोललं गेलं ते मी तिघांकडून वेगवेगळं ऐकलं आणि ते बऱ्यापैकी जुळतं.

एक मत असं की रजिस्टर देऊन टाकायचं, आपण मोजलं ते खरं मोजलं, पुढचं पोलीस बघतील. मेडिकलवाले भाऊ ह्या मताचे होते आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, सार्वजनिक म्हणून गोळा केलेला डेटा मागितल्यावर लपवायचा कसा. दुसरं मत गप्प बसायचं. निवडणूक होऊ दे, आपण कोणाच्या पार्टीत नाही, उगाच मधे पडलो तर उद्या घाटावर उभं राहू देणार नाहीत. ताईंना हे पटत होतं, त्यांच्या बचत गटात दोन्ही पार्ट्यांच्या बायका होत्या. तिसरं, पाण्याचा नमुना लॅबला पाठवायचा आणि रिपोर्ट येईपर्यंत काही बोलायचं नाही. हे सगळ्यात शहाणपणाचं वाटलं, पण रिपोर्टला दिवस लागणार आणि तक्रार उद्या सकाळी जाणार. शिवाय कीटकनाशक तपासायचं तर नमुना स्वच्छ काचेच्या बाटलीत, बर्फात, लगेच घ्यावा लागतो. त्या सकाळी कोणी घेतलाच नव्हता.

चौथी गोष्ट त्या दोघी मुलींपैकी एकीने काढली. तिने रजिस्टर उलटं वाचायला घेतलं होतं. तिचा प्रश्न असा होता की ३० डिग्रीच्या पाण्यात हवेतून विरघळून विरघळून ऑक्सिजन जास्तीत जास्त साडेसातच्या आसपास राहतो, मग आपल्याला ११ कुठून येतोय? हवेतून येत नाही म्हणजे पाण्यातच तयार होतोय, म्हणजे शेवाळ. आणि जे शेवाळ उन्हात एवढा ऑक्सिजन सोडतं ते रात्री काय करतं? श्वास घेतं. त्यात ऊनच पडलं नाही तर दिवसाची कमाई नाही आणि रात्रीचा खर्च तेवढाच.

माझ्या मते ह्या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा क्षण हाच आहे. तोपर्यंत ११ हा आकडा शाबासकीचा होता, ह्या प्रश्नानंतर तो धोक्याचा झाला. आकडा तोच, रजिस्टर तेच.

मग माशांकडेही वेगळ्या नजरेने बघितलं गेलं. मोठे आधी मेले, छोटे बरेच वाचले. मरळ आणि शिंगी जवळजवळ सगळे जिवंत, आणि हे दोन्ही वर येऊन हवेतला ऑक्सिजन घेऊ शकणारे मासे. काठाला बेडकांची पिल्लं, पाणकिडे फिरत होते. विष असतं तर त्यांच्यावरही काहीतरी दिसलं असतं. मेले कधी, तर पहाटे. हा काही पक्का पुरावा नव्हे, पण दिशा एकच दाखवत होता.

शेवटी ठरलं असं: सकाळी अध्यक्षांकडे जायचं, एक दिवस थांबा म्हणायचं, आणि रात्रभर तलावावर मोजायचं, तेही दोन्ही पार्ट्यांची माणसं सोबत घेऊन. गटाने एकट्याने मोजून आकडा आणला असता तर तो कोणाच्या तरी बाजूचा ठरला असता.

रात्रीची मोजणी

अध्यक्ष आधी तयार नव्हते. तयार केलं ते सोसायटीच्याच एका म्हाताऱ्या सभासदांनी. ते म्हणाले, "पोट्टेहो, तुमी चार वाजता येता नं घाटावर, पहाटे या मंग दिसन तुमाले तलाव. दोन हप्त्यापासून मासोळ्या पहाटे वर तोंड काढून राहिल्या." दोन आठवडे. ज्यांचे डोंगे रोज पहाटे पाण्यात असतात त्यांना हे दिसत होतं आणि ज्यांच्याकडे किट होतं ते रविवारी संध्याकाळी येत होते, आणि ह्या दोघांचं एकमेकांशी बोलणं होईल अशी जागाच गावात नव्हती.

दोन डोंगे, प्रत्येकात गटातलं एक आणि दोन्ही पार्ट्यांचा एकेक माणूस. संध्याकाळी सहा, रात्री दहा, दोन, पहाटे पाच, सकाळी आठ. जागा तीन: तुडुमाजवळ, मधोमध, नाल्याच्या तोंडाशी.

विंकलर पद्धत ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो, कारण पुढचं त्यावर अवलंबून आहे. काचेची बाटली पाण्याखाली धरून बुडबुडा न राहू देता भरायची, त्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड टाकायचं, बूच लावून उलटी-सुलटी करायची. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो, जितका जास्त तितका गडद. ऑक्सिजन नसेल तर साका पांढराच राहतो. मग ॲसिड टाकून ते विरघळवायचं आणि थेंब मोजत आकडा काढायचा. ॲसिड तीव्र असतं म्हणून ते काम फक्त सर करायचे, घाटावर, चष्मा-हातमोजे घालून.

संध्याकाळची बाटली चॉकलेटी आली, आकडा ९ च्या वर. दहाला फिकट, साधारण ६. दोनला बिस्किटाच्या रंगाची, अडीचच्या आसपास. पहाटे पाचला मधोमधच्या बाटलीत साका खाली बसला तो पांढरा. टॉर्चच्या उजेडात ती बाटली हातोहात फिरली, दोन्ही पार्ट्यांच्या माणसांनी ती संध्याकाळच्या बाटलीशेजारी धरून बघितली. थेंब मोजल्यावर आकडा १ च्याही खाली आला, पण तोपर्यंत आकड्याची गरज कोणाला राहिली नव्हती. डोंग्याच्या बाजूला रोहू तोंड वर काढून हवा ओढत होते, ते सगळ्यांना दिसत होतं.

तक्रार गेली नाही.

मग करायचं काय

मासे मरत असताना पहिला इलाज सगळ्यांच्या डोक्यात एकच असतो, चुना टाका. सोसायटीच्या खजिनदाराने चुन्याची पोती सांगूनही ठेवली होती. इथे रजिस्टर खरं कामाला आलं. संध्याकाळचा पीएच आधीच ९ च्या घरात, त्यात चुना पडला की अजून वर जाणार, आणि पीएच वाढला की पाण्यातल्या अमोनियाचा विषारी भाग वाढतो, म्हणजे वाचलेले मासेही गेले असते. मत्स्य विभागातल्या अधिकाऱ्यांना फोन केला, त्यांनीही थांबा म्हटलं. दुसरा सल्ला मोरचूद टाकून शेवाळ मारायचा. तो तर अजून घातक, कारण एवढं शेवाळ एकदम मेलं की ते सडायला उरलासुरला ऑक्सिजन खाणार. बायोकल्चरची पावडर विकणारा एकजण पण येऊन गेला, बोलायला गोड होता, पण आठ दिवसांत पाणी काचेसारखं म्हणणाऱ्याला नाला बंद न करता ते कसं होईल ह्याचं उत्तर देता आलं नाही.

तातडीचं म्हणून चार गोष्टी केल्या. खाद्य बंद, म्हणजे ढेप आणि कोंडा दोन्ही. कोंबडखत आणि सुपर फॉस्फेट टाकणं बंद. धानाला पाणी देतात ती डिझेल इंजिनं दोन ठिकाणी लावून तलावाचंच पाणी उचलून उंचावरून परत तलावात फवारायचं, रात्री एक ते सूर्य वर येईपर्यंत. आणि मोठे मासे जाळं टाकून काढून विकायचे, म्हणजे गर्दी कमी. भाव पडून मिळाला पण मिळाला.

लांबच्या उपायांवर खरी ओढाताण झाली. नगरपंचायतीला कारंजं बसवायचं होतं, दिसायला छान, लाइटिंग, काठाला दगडी पिचिंग आणि पेव्हर ब्लॉकचा ट्रॅक. गटातल्या काहींना तेही चालत होतं, निदान काहीतरी होतंय. सोसायटीचं म्हणणं गाळ काढा. शासनाची गाळमुक्त धरण योजना २०१७ पासून आहे, शेतकरी गाळ न्यायला तयार. मुली आणि सर म्हणत होते की आधी नाले, कारण शेवाळाला लागणारं नायट्रेट-फॉस्फेट तिथूनच येतं.

कारंज्याने ऑक्सिजन मिळतो हे खरं आहे, पण ते चालवायचं पहाटे दोनला, आणि शोभेचं कारंजं चालणार संध्याकाळी सात ते नऊ, जेव्हा पाण्यात ऑक्सिजन भरपूरच असतो. सरांनी रात्रीच्या मोजणीचा तक्ता नगरपंचायतीच्या बैठकीत मांडून नेमकं हेच विचारलं, बिल भरून रात्री कारंजं कोण चालवणार? त्यावर बराच वेळ शांतता होती असं ताई सांगतात.

गाळाबद्दल माझं मत सोसायटीच्या बाजूचं आहे, त्या तळाच्या काळ्या चिखलात वर्षानुवर्षांचं फॉस्फरस साठलंय आणि नाले बंद केले तरी ते वर येत राहणार. पण गाळ उन्हाळ्यातच निघतो आणि तळाचं पाणी पूर्ण उपसल्याशिवाय नीट निघत नाही, म्हणजे लीजचं एक वर्ष गेलं. सोसायटी इथे स्वतःच अडकली.

प्रत्यक्षात काय झालं

गटाने नाल्यांचा पाठपुरावा धरला. तलावाला पूर्ण फेरी मारून नायट्रेट-फॉस्फेट जागोजागी मोजलं. इथे एक बारीक गोष्ट, मधोमध पाण्यात नायट्रेट अगदी कमी यायचं आणि आधी ते चांगलं लक्षण म्हणून लिहिलं होतं, खरं म्हणजे ते शेवाळाने आधीच पिऊन टाकलेलं असायचं. नाल्याच्या तोंडाशी मात्र रंग किटच्या शेवटच्या खणापर्यंत गेला. साबणाचा फेस, मोरीचं पाणी, एका ठिकाणी गोठ्याचं. फोटो, वेळ, रंग, सगळं एका पानावर करून नगरपंचायतीला दिलं, आणि ते पान गटाच्या एकट्याच्या सहीने न देता सोसायटी आणि बचत गट ह्यांच्याही सह्या घेऊन दिलं. पेपरला आधी द्यायचं की नगरपंचायतीला ह्यावर वाद झाला होता. आधी नगरपंचायत, महिनाभराची मुदत, मग पेपर असं ठरलं. मला ते बरोबर वाटतं, कारण पहिल्या नाल्याचं काम त्या मुदतीतच मंजूर झालं, त्याचं पाणी वळवून दोन खड्ड्यांत थांबवून, पुढे कर्दळीच्या वाफ्यातून सोडलं.

दुसऱ्या नाल्याची जागा खासगी मालकीच्या लेआऊटमधून जाते, तो अडकला.

विसर्जनासाठी घाटाशेजारी ताडपत्रीचा हौद केला. मंडळांशी बोलणं पोस्टमन काकाजींनी केलं, त्यांचं म्हणणं प्रत्येक घरी चाळीस वर्षं पत्रं नेलीयेत, मला नाही कोण म्हणणार. लहान मूर्ती बहुतेक हौदात आल्या, मोठ्या अजून तलावातच जातात.

पाणवनस्पती परत लावायचं काम घाटावरच्या त्याच मावशी आणि सोसायटीतल्या बायकांनी अंगावर घेतलं. शेजारच्या गावच्या बोडीतून, म्हणजे लहान तळ्यातून, हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया आणून उथळ बाजूला लावली, भोवती जुनी जाळी मारून, नाहीतर गवत्याने एका रात्रीत साफ केली असती. गवत्या पुढच्या वर्षीपासून सोडायचा नाही असा ठराव सोसायटीने घेतला.

आणि मोजणी बदलली. रविवारची संध्याकाळ ठेवली कारण तुलना करायला जुना डेटा त्याच वेळेचा आहे, पण त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सूर्य उगवायच्या आधी एक मोजणी जोडली. ती सोसायटीतले दोन तरुण करतात, तसेही त्या वेळी ते पाण्यातच असतात. तिथेही एक प्रश्न आला जो कुठल्याच ट्रेनिंगमध्ये नव्हता: गटातले बाकी लोक हौसेने करतात, पण ह्या दोघांनी रोजची मासेमारी सोडून बाटल्या भरायच्या तर कोणाच्या पैशाने? काही जण म्हणाले स्वयंसेवा म्हणजे स्वयंसेवा. शेवटी सोसायटीने त्यांना महिन्याला थोडं मानधन सुरू केलं, आणि मला वाटतं तेच न्याय्य होतं.

एक नियमही लिहून घाटावरच्या बोर्डावर लावला. तबकडी वीतभराच्या आत दिसेनाशी झाली आणि सलग दोन दिवस ऊन पडलं नाही, तर खाद्य-खत बंद आणि इंजिन घाटावर आणून ठेवायचं. पहाटे मासे तोंड काढताना दिसले तर इंजिन लगेच सुरू, कोणाला विचारायची गरज नाही. ह्यासाठी किट लागत नाही, वीत आणि डोळे पुरतात.

परिणाम

पुढच्या पावसाळ्यात आभाळाचे तसेच दिवस दोनदा आले. पहिल्या वेळी इंजिन चालवून निभावलं. दुसऱ्या वेळी डिझेल संपलेलं होतं आणि नाल्याच्या बाजूचे काही मासे गेले, पण आदल्या वर्षीसारखी हानी नाही. पहाटेचा ऑक्सिजन आता बहुतेक वेळा २ ते ३ च्या मधे असतो, म्हणजे मासे जगतात पण ४ ची रेघ अजून गाठलेली नाही. संध्याकाळचा आकडा ११ वरून ८ वर आलाय आणि गटाला त्याचा आनंद आहे, हे नव्या माणसाला समजावताना प्रत्येक वेळी सुरुवातीपासून सांगावं लागतं. तबकडी वीतभरापेक्षा बरीच खाली दिसते. लावलेल्या पट्ट्यात मरळीची पिल्लं दिसली.

मेडिकलवाले भाऊ गटातून बाहेर पडले, रात्रीच्या बैठकीत त्यांचं ऐकलं गेलं नाही ही त्यांची भावना आहे. कॉलेज संपल्यावर एक मुलगी नागपूरला गेली.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात आधी वेळ. तलावाचा ऑक्सिजन कुठलाही गट मोजत असेल तर त्यातली निदान एक मोजणी सूर्योदयाच्या आधीची हवीच, महिन्यातून एकदा जमली तरी चालेल. फक्त दुपारी मोजणाऱ्याला जितका जास्त आजारी तलाव तितका छान आकडा मिळू शकतो. आणि रजिस्टरात तारखेसोबत वेळ आणि आभाळ लिहिलेलं असलं पाहिजे, ह्या गटाने वेळ लिहिली होती म्हणून निदान मागे जाऊन अर्थ लावता आला.

सोसायटीला पहिल्या दिवसापासून गटात घ्यायला हवं होतं. बोलावलं नव्हतं असं नाही, कार्यक्रमाला बोलावलं होतं, सत्काराला बोलावलं होतं, मोजमाप काय करायचं आणि कधी ते ठरवायला नव्हतं. "मासोळ्या तोंड काढून राहिल्या" हे वाक्य दोन आठवडे आधी रजिस्टरात आलं असतं तर ते कुठल्याही बाटलीपेक्षा जास्त उपयोगाचं होतं. मावशींच्या वाक्याचंही तसंच.

ग्रुपवर "तलाव ठणठणीत" असा एका शब्दाचा निकाल देणं टाळता आलं असतं. ऑक्सिजन, पाण्याचा रंग, तबकडी, पीएच ह्या चार नोंदींपैकी शेवटच्या तीन वाईट दिशेला जात होत्या. चारही टाकून त्यांच्यात काय बदल होतोय एवढंच लिहिलं असतं, तरी कोणीतरी प्रश्न विचारला असता, आणि रजिस्टर पोलीस तक्रारीचा पुरावा व्हायची वेळ आली नसती.

मासे मेल्याच्या सकाळी पहिल्या तासात काय करायचं हे आधी ठरलेलं नव्हतं. आता त्यांच्या पेटीत एक कागद असतो: आधी ऑक्सिजनची बाटली भरून तिथेच साका बसवायचा, एक स्वच्छ काचेची बाटली पाणी बर्फात, दोनतीन मरायला टेकलेले मासे वेगळ्या पिशवीत बर्फात, कोणत्या जातीचे किती मेले आणि कोणते जिवंत ते लिहायचं, फोटोत वेळ दिसली पाहिजे. ह्या प्रकरणात विष नव्हतं हे परिस्थितीवरून ठरलं, नमुन्यावरून नाही, आणि एखाद्या ठिकाणी खरंच विष असेल तर परिस्थिती पुरणार नाही.

रात्रीच्या मोजणीला दोन्ही पार्ट्यांना डोंग्यात बसवणं मात्र मी कुठल्याही गटाला जसंच्या तसं करायला सांगेन. लॅबच्या रिपोर्टवर भांडण मिटेलच असं नाही, पण स्वतः हातात धरलेल्या बाटलीवर मिटलं.

सध्या दुसऱ्या नाल्याचा प्रश्न तसाच आहे. लेआऊटच्या मालकाशी बोलणी चालू आहेत, नगरपंचायतीने वळणाचा नकाशा केलाय, आणि सोसायटीने लीजच्या नूतनीकरणाच्या अर्जासोबत पहाटेच्या रीडिंगचा वर्षभराचा तक्ता जोडून हा नाला बंद करण्याची अट घालावी अशी लेखी मागणी केली आहे. त्यावर अजून उत्तर आलेलं नाही.